झेड/व्हीएम म्हणजे काय? चालू मेनफ्रेमवर ते इन्स्टॉल, सर्व्हिस आणि अपग्रेड कसं करतात?

शनिवारी संध्याकाळी बँकेचा मेसेज येतो : "नियोजित देखभालीमुळे आज रात्री १२ ते पहाटे ४ आमच्या काही सेवा बंद राहतील." भोरच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत आपण तो वाचतो आणि स्वाइप करून उडवतो. सकाळी उठून बघतो तर सगळं पहिल्यासारखं चालू असतं. त्या चार तासांत पडद्यामागे नक्की काय झालं, हा प्रश्न सहसा पडत नाही.

आज तेच बघू. सगळ्याच बँका मेनफ्रेमवर चालतात असं नाही, आणि तुमचं यूपीआयही मेनफ्रेमवरच चालतं असा दावा इथे नाही. पण जगातल्या बऱ्याच मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि कार्ड कंपन्यांचा मुख्य हिशेब आजही मेनफ्रेमवर होतो. अशा अनेक मेनफ्रेमवर झेड/व्हीएम नावाचं सॉफ्टवेअर असतं. ते एका मशीनची शेकडो मशीन करतं. म्हणूनच त्याला हात लावताना माणसं श्वास रोखून असतात. ते चुकलं तर एक सर्व्हर पडत नाही, त्याच्यावर चालणारे सगळेच एकदम पडतात.

थोडक्यात सांगायचं तर

- झेड/व्हीएम हे आयबीएमचं मेनफ्रेमवरचं व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर आहे. त्याचं मूळ १९६० च्या दशकात आहे.
- त्याची दुरुस्ती किंवा अपग्रेड करताना चालू प्रतीला थेट हात लावत नाहीत. नवी प्रत शेजारी तयार करतात, तपासतात आणि मग अदलाबदल करतात.
- अदलाबदल फसली तर जुनी प्रत तयार ठेवलेली असते.
- तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही हीच कल्पना वापरलेली असू शकते.

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे काय?

जुना वाडा डोळ्यासमोर आणा. जागा एक, भिंती एक, विहीर एक, पण आत दहा बिऱ्हाडं. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळं. शेजारच्या खोलीत काय चाललंय ते दुसऱ्याला दिसत नाही. विहिरीवर कोणी किती वेळ थांबायचं, हे वाड्याचा मालक ठरवतो.

झेड/व्हीएम हा तो मालक. मेनफ्रेमचे प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क त्याच्या ताब्यात असतात. त्यातून तो प्रत्येकाला एकेक 'खोटा' कॉम्प्युटर काढून देतो. या खोट्या कॉम्प्युटरला व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि त्यात चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टमला गेस्ट, म्हणजे पाहुणा. गेस्टला वाटतं की सगळं मशीन आपलंच आहे. एका झेड/व्हीएमवर शेकडो लिनक्स सर्व्हर गेस्ट म्हणून चालू शकतात.

झेड/व्हीएमचे दोन मुख्य भाग लक्षात ठेवा.

सीपी, म्हणजे कंट्रोल प्रोग्रॅम. हा खरा मालक. मशीनची वाटणी हाच करतो. सीपी पुन्हा सुरू करायचा तर सगळ्या गेस्टना आधी थांबावं लागतं.

सीएमएस. ही एक छोटी ऑपरेटिंग सिस्टम आहे. फायली ठेवायच्या, प्रोग्रॅम लिहायचे, देखभालीचे आदेश द्यायचे ते इथून. काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं असं जे चित्र तुम्ही पाहिलं असेल, ते बहुतेक याच प्रकारच्या टर्मिनलचं.

हे सगळं आलं कुठून?

क्लाउड हा शब्द आपल्या कानावर पडण्याच्या कितीतरी आधी, १९६० च्या दशकात, अमेरिकेत केंब्रिज इथल्या आयबीएमच्या केंद्रात सीपी-४० आणि मग सीपी-६७ तयार झाले. २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० जाहीर झालं. झेड/व्हीएम हे नाव २००० साली आलं. अलीकडच्या आवृत्त्या साधारण दर दोन वर्षांनी सप्टेंबरमध्ये येतात : ७.१ ही २०१८ मध्ये, ७.२ ही २०२० मध्ये, ७.३ ही २०२२ मध्ये आणि ७.४ ही २०२४ मध्ये.

महाराष्ट्राचा या मशीनशी संबंधही जुनाच. १९६१ मध्ये मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे आयबीएम १४०१ हा कॉम्प्युटर बसला. भारतातल्या व्यापारी वापराच्या अगदी पहिल्या कॉम्प्युटरांपैकी तो एक. पुढे १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला कारभार गुंडाळला. पण लोकांकडे बसवलेली मशीन जागेवरच होती, आणि त्यांवर रोजचं काम चालू होतं. त्यांच्या देखभालीची जबाबदारी सीएमसी या सरकारी कंपनीने घेतली. बनवणारा निघून गेला तरी मशीन चालू ठेवणारा लागतोच, हा धडा तेव्हाच मिळाला. आयबीएम १९९२ मध्ये टाटांबरोबर भागीदारी करून परत आली. आज पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांत बसून परदेशातल्या मेनफ्रेमची देखभाल करणारी बरीच माणसं आहेत.

सर्व्हिस म्हणजे नेमकं काय?

बाइकची सर्व्हिसिंग आपल्याला माहीत आहे. गाडी गॅरेजला लावायची, ऑइल बदलायचं, ब्रेक घट्ट करायचे, संध्याकाळी घेऊन यायची. मेनफ्रेमच्या भाषेतही सर्व्हिस म्हणजे हेच, फक्त गाडी गॅरेजला लावता येत नाही. ती रस्त्यावर धावत असते आणि मागे शेकडो माणसं बसलेली असतात.

इथले चार शब्द समजले की अर्धं काम झालं.

- एपीएआर : एखादी चूक सापडली की आयबीएम तिची नोंद करते. त्या नोंदीचा नंबर म्हणजे एपीएआर. आपल्या भाषेत, तक्रार क्रमांक.
- पीटीएफ : त्या तक्रारीवरचा इलाज. प्रत्यक्ष बसवायचा दुरुस्तीचा तुकडा.
- आरएसयू : निवडक आणि एकत्र तपासलेल्या पीटीएफचा गठ्ठा. फोनच्या मासिक सिक्युरिटी पॅचसारखा, पण दर महिन्याला येईलच असं नाही.
- सीओआर : गठ्ठ्याची वाट न बघता, हवा तोच पीटीएफ वेगळा मागवून बसवणं.

तुमच्या सिस्टमवर सध्या काय आहे ते बघायला 'क्वेरी सीपीलेव्हल' हा आदेश द्यायचा. उत्तरात आवृत्ती, सर्व्हिस लेव्हल आणि सिस्टम शेवटची कधी सुरू झाली ते दिसतं. सर्व्हिस लेव्हल चार आकड्यांची असते. उदाहरणार्थ २४०१ दिसलं तर २०२४ सालचा पहिला आरएसयू. फोनमध्ये सेटिंग्जच्या 'अबाउट फोन'मध्ये जाऊन सिक्युरिटी पॅचची तारीख बघतो ना, तसंच.

पायरी पायरीने : झेड/व्हीएमची सर्व्हिस

१. फाइल आणा आणि नीट चढवा

पीटीएफ किंवा आरएसयू आयबीएमच्या साइटवरून मागवतात. ती फाइल दाबून लहान केलेली असते. ती मेनफ्रेमवर पाठवताना बायनरी पद्धतीनेच पाठवावी लागते. इथे नवखे हमखास अडकतात. साध्या टेक्स्ट पद्धतीने पाठवली तर वाटेत अक्षरांचं रूपांतर होतं आणि फाइल खराब होते. वर गेल्यावर 'डीटर्स' या आदेशाने ती उघडतात.

२. देखभालीच्या युजरने लॉगिन करा

सर्व्हिससाठी वेगळा युजर असतो. आवृत्तीप्रमाणे त्याचं नाव बदलतं : ७.३ साठी मेंट७३०, ७.४ साठी मेंट७४०. हे मुद्दाम केलेलं आहे. जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या देखभालीच्या फायली एकमेकांत मिसळू नयेत, म्हणून दोघांचं घर वेगळं.

३. 'सर्व्हिस' आदेश द्या

हा आदेश एकट्याने बरीच कामं उरकतो. पीटीएफ आत घेतो, एका पीटीएफला आधी दुसरा लागतो का ते तपासतो, लावतो आणि नवे प्रोग्रॅम बांधून तयार ठेवतो. या सगळ्याची नोंदवही व्हीएमएसईएस/ई नावाची यंत्रणा ठेवते. कोणता तुकडा कधी आला आणि कुठे लागला, हे त्यात मिळतं.

महत्त्वाचं काय, तर इथपर्यंत चालू सिस्टमला काहीच झालेलं नसतं. नवं सगळं वेगळ्या डिस्कवर तयार होत असतं. गेस्ट आपलं काम करत असतात. म्हणून ही पायरी भर दुपारीसुद्धा करता येते.

४. संदेश वाचा

आदेश संपला की 'व्हीएमएफव्ह्यू सर्व्हिस' म्हणून संदेशांची यादी उघडायची. त्यात इशारे असतात, कधी पुढे हाताने करायचं काम सांगितलेलं असतं. फोनवर आपण न वाचता 'आय ॲग्री' दाबतो. ती सवय इथे महागात पडते.

५. आत एक झेड/व्हीएम चालवून बघा

हा या सॉफ्टवेअरचा सगळ्यात भारी गुण. झेड/व्हीएमचा गेस्ट म्हणून दुसरं झेड/व्हीएमसुद्धा चालतं. वाड्यातल्या एका खोलीत अख्खा छोटा वाडा. याला सेकंड लेव्हल म्हणतात. नवी दुरुस्ती लावलेली प्रत या आतल्या सिस्टमवर सुरू करून बघायची. कोसळली तर फक्त ती खोली कोसळते, बाहेर कोणाला पत्ताही लागत नाही.

६. 'पुट२प्रॉड' आदेश द्या

तपासणी झाली की तयार ठेवलेल्या प्रती चालू वापराच्या जागी न्यायच्या. त्यासाठी 'पुट२प्रॉड' आदेश. सीपी बदलला असेल तर आधीचा सीपी पुसून टाकत नाहीत, तो वेगळ्या नावाने बाजूला ठेवला जातो. परतीचं तिकीट तेच.

७. ठरलेल्या वेळी सिस्टम पुन्हा सुरू करा

सीपीमधला बदल लागू व्हायचा तर सिस्टम रीस्टार्ट करावी लागते. मेनफ्रेमवाले याला आयपीएल म्हणतात. क्रिकेटवाली आयपीएल डोक्यात येणार, पण इथे त्याचा अर्थ सिस्टम लोड करणं. बँकेचा तो 'रात्री १२ ते ४' वाला मेसेज बहुतेक वेळा अशाच कामांसाठी असतो. सुरू होताना गडबड झाली तर लोड करायच्या स्क्रीनवरून जुना सीपी निवडायचा आणि पूर्वपदावर यायचं.

फोनमध्ये हे कुठे दिसतं?

अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, ए/बी अपडेट नावाची सोय आली. ज्या फोनमध्ये ती आहे त्यात सिस्टमसाठी दोन जागा असतात. तुम्ही 'ए'वर रील बघत असता तेव्हा अपडेट गुपचूप 'बी'वर बसत असतं. रीस्टार्ट केलं की फोन 'बी'वरून सुरू होतो. 'बी' धड सुरू झालं नाही तर फोन परत 'ए'वर येतो.

तोरण्याच्या पायथ्याला रेंज गेली आणि अपडेट अर्ध्यात अडकलं, तरी फोन मरत नाही, त्याचं एक कारण हे. शेजारी तयार करा, मग अदलाबदल करा, जुनं लगेच पुसू नका. मेनफ्रेमवाले हेच करतात, फक्त तिथे एका फोनऐवजी शेकडो सर्व्हर टांगणीला लागलेले असतात.

नवीन इन्स्टॉलेशन कसं होतं?

सर्व्हिस म्हणजे दुरुस्ती. आता मुळात झेड/व्हीएम बसवायचं कसं ते बघू. दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, कोऱ्या जागेवर. मेनफ्रेमचे हार्डवेअरच्या पातळीवर भाग पाडता येतात. अशा एका भागाला एलपार म्हणतात. एका रिकाम्या एलपारवर, मेनफ्रेमच्या नियंत्रण कन्सोलवरून झेड/व्हीएम लोड करतात.

दुसरा मार्ग, आधीच्या झेड/व्हीएमच्या आत गेस्ट म्हणून. सरावासाठी आणि तपासणीसाठी हा मार्ग सोयीचा.

दोन्हीकडे सुरुवात 'इन्स्टप्लॅन' या आदेशाने होते. तो स्क्रीनवर प्रश्न विचारतो : डिस्क कोणत्या प्रकारच्या, त्यांना नावं काय द्यायची, सिस्टम एकटी राहणार की गटात. ही उत्तरं आधी कागदावर लिहून काढायची असतात. घर बांधताना विटा आणण्याआधी नकाशा लागतो, तसं. मग 'इन्स्टॉल' आदेश. तो संपला की नवी सिस्टम सुरू करायची, ताजा आरएसयू लागला आहे ना ते बघायचं, 'आयपीविझार्ड'ने नेटवर्क जोडायचं आणि पासवर्ड बदलायचे.

यानंतर दोन फायलींना फार जपायचं. एक 'सिस्टम कॉन्फिग', तिच्यात मशीनची ओळख आणि डिस्कची यादी असते. दुसरी 'युजर डायरेक्ट', तिच्यात कोणाला किती मेमरी, कोणती डिस्क, कोणते अधिकार हे सगळं असतं. ही म्हणजे वाड्यातल्या बिऱ्हाडांची वही. 'सिस्टम कॉन्फिग' बदलली की 'सीपीसिंटॅक्स' चालवून ती तपासायची. एका चुकलेल्या ओळीपायी पुढच्या वेळी सिस्टम सुरूच न होणं, यापेक्षा दोन मिनिटांची तपासणी परवडली.

अपग्रेड : ७.३ वरून ७.४ वर जायचं तर?

भोरकरांना हे भाटघरवरून लवकर समजेल. वेळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक धरण बांधलं होतं. पुढे जास्त पाणी साठवायची गरज पडली. तेव्हा जुनं पाडून त्याच जागी नवं बांधत बसले नाहीत. खालच्या अंगाला नवं, मोठं धरण उभं केलं. १९२८ च्या सुमारास झालेलं हे लॉइड धरण. जुनं धरण आता त्याच्याच पाण्यात आहे.

झेड/व्हीएमचं अपग्रेडही याच वळणाचं. त्याचे दोन टप्पे असतात.

पहिला टप्पा. नवी आवृत्ती चालू सिस्टमच्या आत, सेकंड लेव्हलवर, तात्पुरती बसवायची. मग तिच्या नव्या फायली आणि डिस्क सध्याच्या सिस्टममध्ये आणून ठेवायच्या. जुनी आवृत्ती अजून चालूच असते. बहुतेक मेहनत या टप्प्यात होते आणि गेस्टना त्याची झळ लागत नाही.

दुसरा टप्पा. ठरलेल्या वेळेत मोजके शेवटचे बदल करायचे, सिस्टम थांबवायची आणि नव्या आवृत्तीवर सुरू करायची. बंद राहण्याचा वेळ फक्त एवढाच.

हार्डवेअर बदलत असेल तर क्रम उलटा करू नका. नवं मशीन आणण्याआधी, त्या मशीनसाठी लागणारे पीटीएफ जुन्या मशीनवरच्या झेड/व्हीएमला लावून घ्यायचे. मशीन आलं, गाजावाजा झाला आणि सॉफ्टवेअरला ते ओळखताच आलं नाही, अशी फजिती त्यामुळे टळते.

गेस्टना दुसऱ्या घरी पाठवता येतं का?

येतं, पण सगळ्यांना नाही. डिसेंबर २०११ च्या ६.२ आवृत्तीत दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे सिंगल सिस्टम इमेज, थोडक्यात एसएसआय. यात काही झेड/व्हीएम सिस्टम एक कुटुंब म्हणून राहतात. तेव्हा चार सदस्यांची मर्यादा होती, ७.३ पासून ती आठ झाली. दुसरी म्हणजे लाइव्ह गेस्ट रिलोकेशन. चालू लिनक्स गेस्ट न थांबवता एका सदस्यावरून दुसऱ्यावर हलवायचा.

म्हणजे एका घराला रंग द्यायचा आहे, तर तेवढ्या वेळापुरती माणसं शेजारच्या घरात. 'व्हीएमरिलोकेट' आदेशाने आधी चाचणी घ्यायची, गेस्ट हलण्याजोगा आहे की नाही ते कळतं. मग हलवायचा. रिकाम्या झालेल्या सदस्यावर दुरुस्ती करायची, तो पुन्हा सुरू करायचा आणि गेस्ट परत आणायचे. मग पुढचा सदस्य. एसएसआयमध्ये एका आवृत्तीसाठी 'सर्व्हिस' एकदाच करावी लागते, 'पुट२प्रॉड' मात्र प्रत्येक सदस्यावर.

अट एवढीच, की दोन्ही घरांना त्या गेस्टच्या डिस्क आणि नेटवर्क सारखेच दिसले पाहिजेत. आणि ही सोय लिनक्स गेस्टसाठी आहे. झेड/ओएससारख्या सिस्टमचे उपाय वेगळे आहेत.

मागे फिरायची वेळ कशी ठरवतात?

हा भाग पुस्तकात कमी आणि कामात जास्त लागतो. एक उदाहरण घेऊ, सगळे आकडे समजुतीपुरते.

समजा तुमची ताई पुण्यातल्या एका कंपनीत झेड/व्हीएमचं काम बघते. शनिवारी रात्री १२ ते ४ अशी चार तासांची मुभा मिळाली आहे. काही बिघडलं तर जुन्या प्रतीवर परत यायला ४० मिनिटं लागतात. सगळे गेस्ट सुरू होऊन तपासून व्हायला ३० मिनिटं. म्हणजे ७० मिनिटं हातात हवीत. पहाटे ४ मधून ७० मिनिटं वजा केली की २ वाजून ५० मिनिटं. त्यात २० मिनिटं राखीव धरली तर मागे फिरायची शेवटची वेळ २.३०.

ही वेळ रात्री १२ च्या आधी कागदावर लिहिलेली असली पाहिजे. कारण २.३० वाजता प्रत्येकाला वाटत असतं, "अजून दहा मिनिटं दे, होईल." २.५० ला पण तेच वाटतं. मग ४ वाजतात, आणि रविवारी सकाळी दूध डेअरीवर, पेट्रोल पंपावर लोकांची कार्डं चालत नाहीत.

अजून एक. समजा ताई त्या शनिवारी वेल्ह्यात घरी आली आहे. आता तालुक्याचं नाव राजगड झालं असलं तरी डोंगराआडच्या गावांत रेंज येते-जाते ती तशीच. परत जायची रीत फक्त तिच्या डोक्यात असेल आणि तिचा फोन 'नॉट रिचेबल' असेल, तर ऑफिसमधल्या माणसाने काय करायचं? म्हणून परतीच्या पायऱ्या लिहिलेल्या हव्यात, दुसऱ्या कोणीतरी त्या एकदा प्रत्यक्ष करून बघितलेल्या हव्यात, आणि थांबायचा निर्णय कोण घेणार त्याचं नाव ठरलेलं हवं. चांगली सर्व्हिस एका हुशार माणसावर अवलंबून नसते.

नेहमी होणाऱ्या चुका

- स्वतः केलेला बदल नोंदवहीत नाही. कोणीतरी गरजेपोटी आयबीएमच्या फाइलमध्ये हाताने दोन ओळी बदलतो. पुढची सर्व्हिस येते आणि त्या ओळी पुसल्या जातात. असे बदल 'लोकलमॉड' आदेशानेच करायचे, म्हणजे नोंद राहते आणि पुढच्या वेळी यंत्रणा आठवण करून देते.
- बॅकअप आहे, पण परत आणून बघितलेला नाही. न तपासलेला बॅकअप म्हणजे फक्त आशा.
- 'सर्व्हिस' केली, 'पुट२प्रॉड' राहिलं. सगळ्यांना वाटतं दुरुस्ती लागली. प्रत्यक्षात जुनीच प्रत चालू असते. काम झाल्यावर 'क्वेरी सीपीलेव्हल' बघायचं ते याचसाठी.
- चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? वर्षानुवर्षं सर्व्हिस न केलेली सिस्टम एक दिवस मोठी उडी मारायला लावते, आणि मोठ्या उडीत चूक शोधणं अवघड जातं. ७.१ पासून नव्या सोयीसुद्धा पुढच्या आवृत्तीची वाट न बघता अधूनमधून पीटीएफमधून येतात, त्यामुळे नियमित सर्व्हिसचं महत्त्व आणखी वाढलं आहे.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेनफ्रेम म्हणजे जुनाट तंत्रज्ञान ना?
कल्पना जुनी, मशीन नवीन. आयबीएमचं झेड१६ हे २०२२ मध्ये आणि झेड१७ हे २०२५ मध्ये आलं. त्यावर आजचं लिनक्सच चालतं.

घरी बसून शिकता येईल का?
झेड/व्हीएम पैसे मोजून घ्यायचं सॉफ्टवेअर आहे, ते लॅपटॉपवर असंच टाकता येत नाही. पण हर्क्युलिस नावाचं मोफत एमुलेटर साध्या लॅपटॉपवर चालतं आणि त्यावर जुनं व्हीएम/३७० कायदेशीरपणे चालवता येतं. त्याची कम्युनिटी एडिशन तयार मिळते. सीपी आणि सीएमएसचा हात बसायला ते पुरेसं आहे. वर सांगितलेला 'सर्व्हिस' आदेश मात्र त्यात नाही.

फक्त मोबाइल असेल तर?
वाचन सुरू करा. झेड/व्हीएमची अधिकृत पुस्तकं आयबीएमच्या साइटवर मोफत वाचता येतात. इन्स्टॉलेशन, सर्व्हिस आणि मायग्रेशन या तीन विषयांवरची आधी घ्या. रेंज असताना पीडीएफ उतरवून ठेवा. कॉलेजमध्ये कॉम्प्युटर मिळत असेल तर आयबीएम झेड एक्सप्लोर हा मोफत कोर्सही आहे. तो झेड/ओएसवर आहे, पण मेनफ्रेमची भाषा कानावर पडते.

कोडिंग किती लागतं?
सीएमएसवर रेक्स नावाची सोपी भाषा चालते. १९७९ मध्ये आयबीएमच्या माइक काउलिशॉ यांनी ती तयार करायला घेतली. तिच्या मोफत आवृत्त्या लॅपटॉपवर मिळतात. सोबत लिनक्सचे मूलभूत आदेश यायला हवेत.

यात नोकरी आहे का?
हे काम करणारी माणसं थोडी आहेत आणि त्यातली बरीच निवृत्तीकडे झुकलेली आहेत. जागाही मोजक्याच असतात, त्यामुळे "कोर्स केला की लगेच पॅकेज" असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा. लिनक्स, नेटवर्क आणि मेनफ्रेम हे तिन्ही जमणाऱ्याला मात्र पुण्यात विचारलं जातं.

शेवटी एक काम

आज फोनवर 'अपडेट उपलब्ध' दिसलं तर लगेच बटण दाबू नका आणि महिनाभर टाळूही नका. आधी फोटो आणि कॉन्टॅक्टचा बॅकअप घ्या. बॅकअपमधला एक फोटो दुसऱ्या फोनवर उघडून बघा. चार्जिंग पुरेसं आहे ना ते बघा. उद्या सकाळी परीक्षेचं हॉल तिकीट किंवा एसटीचं तिकीट त्याच फोनवर दाखवायचं असेल तर अपडेट परवावर ढकला. मग बटण दाबा. मेनफ्रेमवाले शनिवारी रात्री बाराच्या आधी जे करतात, त्याची ही छोटी आवृत्ती आहे.